‘झुंड’ : मैदान आणि भिंत

उपेक्षित मुलांना खेळाच्या द्वारे मार्गी लावणाऱ्या गुरूची कथा चित्रपटसृष्टीस नवीन नाही. तिचा साचा ठरलेला असतो : उनाड मुले, ध्येयवेडा शिक्षक आणि अखेरच्या सामन्यातील विजय. या साच्यात एक दोष अंतर्भूत आहे. मुले जिंकली म्हणून ती आदरास पात्र ठरतात, आणि त्या आदराचे श्रेय गुरूच्या पदरी पडते. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) हा पहिला हिंदी चित्रपट या दोषापासून कितपत मुक्त आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

चित्रपटास आधार आहे तो नागपूर येथील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्याचा. पावसात फुटकी बादली लाथाडीत खेळणारी मुले त्यांनी २००१ साली पाहिली व त्यांतून झोपडपट्टी फुटबॉलचा उपक्रम जन्मास आला. चित्रपटातील विजय बोराडे (अमिताभ बच्चन) प्रथम मुलांना खेळण्यासाठी पैसे देतो. पुढे ते देण्याचे थांबवितो, तरीही मुले खेळत राहतात. मार्गदर्शनाचे सारे मर्म या एका प्रसंगात आले आहे. गुरूने येथे कौशल्य फारसे शिकविलेले नाही. चेंडू दिला, जागा दिली आणि मुलांचे बोलणे ऐकून घेतले, एवढेच त्याचे कार्य. मुले त्याच्या घरी जमून आपापली हकीकत सांगतात तो प्रसंग म्हणूनच सामन्याहूनही परिणामकारक झाला आहे. जमावाचा संघ होतो तो प्रत्येकाला स्वतंत्र नाव व आवाज मिळाल्यानंतरच.

चित्रपटाचा खरा विषय मात्र फुटबॉल नसून भिंत हा आहे. महाविद्यालयाचे विस्तीर्ण मैदान आणि वस्ती यांमध्ये एक भिंत उभी आहे. मैदानाच्या रेषांच्या आत सर्वांना एकच नियम लागू असतो. बाहेर तसे नसते. हा विरोध उत्तरार्धात तीव्र होतो. मोनिका (रिंकू राजगुरू) हिची निवड होते ती तिच्या खेळावर. परंतु परदेशी जाण्यासाठी आपण कोण आहोत हे सिद्ध करण्याकरिता तिला व तिच्या वडिलांना कागदपत्रांसाठी वणवण करावी लागते. चेंडू कोणाचाही दाखला मागत नाही, शासनव्यवस्था मागते. खेळाने येणारे सामर्थ्य कोठवर पोहोचते व कोठे अडते, हे इतक्या संयमाने अन्यत्र क्वचितच दाखविले गेले असेल.

याउलट, न्यायालयातील बोराडेचे भाषण ही चित्रपटाची उघड उणीव होय. जे प्रसंगांनी सांगून झाले होते तेच तेथे वक्तृत्वाने पुन्हा सांगितले जाते. शिवाय ज्या अंकुशचे भवितव्य पणास लागले आहे तो मूक राहतो आणि त्याच्या वतीने गुरूच बोलतो. नामांकित नटाचे वजन येथे कथेवर पडते. ‘फँड्री’तील अखेरच्या दगडाला भाषणाची गरज भासली नव्हती. पहिल्या सामन्यातील वस्तीच्या संघाचे यशही थोडे सुलभ वाटते. मुलींच्या व्यक्तिरेखांना, मोनिकाचा अपवाद वगळता, पुरेसा अवकाश मिळालेला नाही.

तथापि शेवट या उणिवांची भरपाई करतो. बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेसाठी, जी २००३ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे प्रथम भरली, हा संघ निघतो. पण स्पर्धेचा निकाल दाखविलेला नाही. विमानतळावरील तपासणीतून अंकुश पार पडतो का, हाच येथे अंतिम सामना होतो. त्यानंतर विमान त्या भिंतीवरून उडत जाते, आणि भिंत ओलांडण्यास मनाई करणारी सूचना खाली तशीच राहते.

या शेवटचा अर्थ दुहेरी आहे. काही मुले भिंतीपलीकडे गेली हे खरे. भिंत पडली नाही हेही तितकेच खरे. खेळामुळे माणसे बदलतात असे मानणाऱ्या सद्भावनेला ‘झुंड’ नाकारीत नाही, परंतु तिला तो एक प्रश्न विचारतो : मुलांनी बदलावे अशी अपेक्षा करणाऱ्या समाजाने मैदानाचे दार किती उघडले? हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात ठेवून जाणे, हेच या कलाकृतीचे मोल होय.