मतसुधारणा आणि वृत्तपत्रें

मतदानाची पद्धत बदलावी असें प्रतिपादन करणारा लेख वृत्तपत्राकडे पाठविणारास बहुधा नकाराची तयारी ठेवावी लागते. याचें कारण केवळ संपादकांचा पूर्वग्रह होय असें आम्हांस वाटत नाहीं. लेखाच्या घडणींतहि तें शोधलें पाहिजे. या दृष्टीनें ऑस्ट्रेलियांतील लेखिका कॅथरिन हेलन स्पेन्स यांचें आत्मचरित्र अवश्य वाचण्यासारखें आहे. तें अपुरें असतांनाच बाई १९१० सालीं निवर्तल्या.

टॉमस हेअर यांच्या मतदानपद्धतीवर जॉन स्टुअर्ट मिल यांनीं १८५९ सालीं लिहिलेलें परीक्षण वाचून स्पेन्सबाई त्या मताच्या कायमच्या पुरस्कर्त्या झाल्या. मेलबर्नच्या ज्या पत्रासाठीं त्या लिहीत, त्यांत या विषयावर लिहिण्याची त्यांची इच्छा होती. परंतु तें पत्र बहुमताच्या प्रतिनिधित्वाला बांधलेलें असल्यामुळें ती सफल झाली नाहीं. अखेर १८६१ सालीं त्यांनीं स्वतंत्र पुस्तिका काढली. छपाईचा खर्च भावानें सोसला. पत्राला स्वतःचें धोरण असावें, हें आम्हांस मान्य आहे. पण अल्पमतालाहि जागा असावी असें सांगणारा विचार बहुमताच्या नांवानेंच दाराबाहेर राहावा, यांतील विसंगति लहान नव्हे.

आतां लेखाची बाजू पाहूं. पसंतीक्रम, कोटा, शिल्लक मतांची बदली यांपासून आरंभ करणारा लेख दुसऱ्याच परिच्छेदांत वाचकाला गमावतो. यंत्राची रचना सांगण्याआधीं अन्याय दाखविला पाहिजे. पांच जागा आहेत, मतदार शंभर आहेत आणि प्रत्येकास पांच मतें आहेत असें समजा. एकजुटीचे एकावन्न मतदार पांचहि जागा घेतात. एकूणपन्नासांच्या हातीं कांहींच येत नाहीं. हेअर यांच्या पद्धतींत सुमारें वीस मतदारांस एक जागा मिळून तीन-दोन अशी वांटणी होते. एवढें हिशेबानें पटलें म्हणजे कोट्याची चर्चा कंटाळवाणी वाटत नाहीं.

स्पेन्सबाईंनीं हें मर्म पुढें ओळखलें. 'प्रमाणशीर प्रतिनिधित्व' हें जड नांव बाजूला ठेवून त्यांनीं 'परिणामकारक मतदान' हें नांव रूढ केलें, आणि व्याख्यानांत श्रोत्यांकडूनच मतपत्रिका भरवून मोजणी करून दाखविली. १८९७ सालीं त्या स्वतः निवडणुकीस उभ्या राहिल्या आणि पडल्या. शेजारच्या टास्मानियांत मात्र १८९६ सालीं दोन शहरांत ही पद्धत अजमावण्यांत आली आणि पुढें ती सर्व प्रांतभर कायम झाली.

हा विषय आपणांस परका नाहीं. आपले आमदार राज्यसभेचे सभासद एकल संक्रमणीय मतानेंच निवडतात. तथापि त्या प्रसंगीं आपल्या वृत्तपत्रांत कोणाचीं मतें फुटलीं, दुसऱ्या पसंतीचा लाभ कोणास झाला, एवढीच चर्चा रंगते. ही पद्धत कोणत्या अन्यायावर उपाय म्हणून निघाली, याची चर्चा क्वचितच होते. जी पद्धत आमदारांस योग्य ठरते, ती सामान्य मतदारास कां नको, हा प्रश्न विचारणारा सोपा आणि हिशेबी लेख आमच्या लेखकांनीं लिहावा, व संपादकांनीं तो मान्य नसला तरी छापावा, अशी आमची सूचना आहे.