गण, चरण आणि आवर्तन : खर्ड्याच्या पोवाड्यांच्या निमित्ताने एक विचार

प्रस्तावना

पद्याच्या लहानात लहान घटकाला काय म्हणावे, हा प्रश्न परिभाषेचा असला तरी काव्याच्या मूल्यमापनाशी त्याचा निकटचा संबंध आहे. अक्षरगणवृत्ताची कसोटी सरसकट लावली की शाहिरी रचना ‘सैल’ ठरते. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे मार्च १७९५ मध्ये पेशवे व निजाम यांच्यात लढाई झाली आणि तिच्यावर शाहिरांनी पोवाडे रचले. या पोवाड्यांच्या निमित्ताने गण, चरण व आवर्तन या संज्ञांचा अर्थ तपासणे उद्बोधक ठरते.

संज्ञांचे मूळ

ग्रीक छंदःशास्त्रातील घटकाचे नाव ‘पाऊल’ या अर्थाचे असून नृत्यात पाऊल उचलणे व टेकवणे या क्रियांशी त्याचे नाते आहे. भारतीय परंपरेतील ‘पाद’ मात्र निराळा आहे. यास्काच्या ‘निरुक्ता’नुसार पशूचा एक पाय म्हणजे चौथा भाग, या साम्यावरून ‘पाद’ हा विभागवाचक शब्द झाला. पुढे अर्थ विस्तारल्यामुळे गायत्रीचे तीनच विभागही पाद म्हणवतात. श्लोकाचा चरण म्हणूनच एक अख्खा विभाग असतो. चरणातील तीन अक्षरांचा समूह तो ‘गण’. लघु व गुरु हे दोन पर्याय तीन स्थानी मांडले असता आठच रचना संभवतात. त्याच य, म, त, र, ज, भ, न, स. अर्थात गणाचे मूळ पदन्यासात नसून मोजणीत आहे.

गण आणि लय

मंदाक्रांतेचे गण म, भ, न, त, त, ग, ग असे मांडतात; यती मात्र चौथ्या व दहाव्या अक्षरानंतर येतो. दोन्ही वेळा तो गणाच्या मध्येच पडतो. याउलट भुजंगप्रयातात चार य-गण पाच-पाच मात्रांची चार आवर्तने सिद्ध करतात. गण व लय यांची सांगड तेथे जुळते. सर्वत्र ती जुळतेच असे नाही. माधवराव पटवर्धन यांनी ‘छन्दोरचना’ (१९३७) या ग्रंथात वृत्त, जाति व छंद हे भेद करून जातिरचनेचा विचार आवर्तनांच्या आधारे केला, तो यामुळेच महत्त्वाचा आहे.

‘खर्ड्याची’ हा शब्द गणदृष्ट्या म-गण, मात्रादृष्ट्या सहा मात्रांचा. पोवाड्यात त्याचा उच्चारकाल डफाच्या ठेक्यावर ठरतो. शाहीर ऱ्हस्व स्वर लांबवतो, दीर्घ आवरतो. ही गणभंगाची सूट नसून आवर्तनाची शिस्त आहे. लक्षणीय म्हणजे शाहिरी परंपरेत ‘गण’ म्हणजे आरंभीचे गणेशस्तवन. तीन अक्षरांचा हिशेब तेथे अभिप्रेतच नाही.

निष्कर्ष

गण हे मोजमाप आहे, चरण हा विभाग आहे आणि लयीचे पाऊल म्हणावे असे काही मराठीत असेल तर ते आवर्तन होय. पदवी वर्गांत केवळ ‘गण पाडण्या’वर भर दिल्यास विद्यार्थी वृत्त ओळखतो, परंतु लय ऐकत नाही. वृत्ताची परीक्षा गणाने व पोवाड्याची ठेक्याने केली, तरच दोन्ही परंपरांना न्याय मिळेल.