‘की’नंतरचा ‘मी’ : झाशीच्या राणीचे बोलणे आणि इंग्रजी गौण वाक्य

दक्षिण दिल्लीत सरोजिनी नगराच्या शेजारी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसविलेल्या वसाहतीला झाशीच्या राणीचे नाव आहे : लक्ष्मीबाई नगर. तेथील एखाद्या मराठी कुटुंबाचा दिवस तीन भाषांतून जातो असे मानले, तर घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीच्या टिपणीत इंग्रजी अशी त्यांची विभागणी सांगता येईल. पहिल्या दोन भाषांत दुसऱ्याचे बोलणे सांगताना त्याचा ‘मी’ सहसा ‘मी’च राहतो, तिसऱ्या भाषेत तो ‘तो’ किंवा ‘ती’ होतो. ज्या स्त्रीचे नाव या वसाहतीने धारण केले आहे तिचे बोलणेही याच तीन भाषांतून आजच्या वाचकापर्यंत आले आहे. या प्रवासात तिच्या ‘मी’चे काय झाले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. तो वरकरणी व्याकरणाचा वाटला, तरी साक्ष कोणाची मानावयाची हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

इंग्रजीतील अप्रत्यक्ष कथनात उभयान्वयी अव्यय, सर्वनाम आणि क्रियापद ही तिन्ही एका शिस्तीने बांधलेली असतात. ‘ती म्हणाली की मी उद्या निघते’ हे वाक्य इंग्रजीत ‘शी सेड दॅट शी वुड लीव्ह द नेक्स्ट डे’ असे होते. ‘दॅट’ने गौण वाक्याचे दार उघडले, की बोलणारीचा ‘मी’ तृतीय पुरुषात जातो, क्रियापद एक पाऊल भूतकाळाकडे सरकते आणि ‘उद्या’चा ‘दुसरा दिवस’ होतो. यांतील अव्यय अनेकदा गाळलेही जाते. सर्वनाम आणि क्रियापद यांच्या स्थलांतरावरूनच गौणत्व ओळखता येते. या रचनेत काळ आणि पुरुष ठरविण्याचा अधिकार मूळ बोलणाऱ्याकडे राहत नाही, तो सांगणाऱ्याकडे जातो.

ही व्यवस्था सार्वत्रिक नाही. व्होलोशिनॉव्ह याने १९२९ च्या आपल्या ग्रंथात रशियन भाषेत इंग्रजी-फ्रेंचसारखी काळसंगती नसल्याचे नोंदवून अप्रत्यक्ष कथनाच्या स्वरूपाशी त्याचा संबंध जोडला होता. रशियनमध्ये सर्वनाम सरकते, पण काळ सरकत नाही. मराठी त्याहीपुढे जाते : तिच्या परंपरागत रचनेत काळ सरकत नाही आणि सर्वनामही सरकत नाही. मराठी व्याकरणात ‘की’, ‘म्हणून’, ‘जे’ यांना स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यये म्हणतात. ही संज्ञा अर्थपूर्ण आहे. ही अव्यये बोलण्याचे स्वरूप दाखवितात, त्याचे रूपांतर करीत नाहीत. ‘मी येते म्हणून ती म्हणाली’ या रचनेत तर अव्यय उद्धृत वाक्याच्या शेवटी येते. संस्कृतातील ‘इति’ आणि कन्नडातील ‘एंदु’ यांच्याशी तिचे नाते उघड आहे. शाळेत ‘दॅट म्हणजे की’ असे शिकविले जाते. पण ‘दॅट’ हा उंबरठा आहे, तर ‘की’ ही केवळ खिडकी आहे. खिडकीतून आवाज येतो, त्याकरिता बोलणाऱ्याला जागा सोडावी लागत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल, की एका वाक्यात निवेदकाचा ‘मी’ आणि पात्राचा ‘मी’ असे दोन ‘मी’ आले तर घोटाळा होईल. मराठीने याचे उत्तर क्रियापदात ठेवले आहे. ‘मी येते’ आणि ‘मी येतो’ यांत सर्वनाम एकच असले तरी बोलणारी व्यक्ती क्रियापदाने ओळखली जाते. निवेदक पुरुष आणि बोलणारी स्त्री असेल, तर तिचा ‘मी’ त्याच्या वाक्यातही स्त्रीलिंगीच राहतो. ‘मी येईन’सारख्या रूपात ही खूण नसते. तेथे संदर्भ उपयोगी पडतो, किंवा ‘आपण’ हे सर्वनाम. ‘दासी म्हणाली की आपण दार उघडले नाही’ या वाक्यातला ‘आपण’ म्हणजे स्वतः दासी. ‘स्वतः’ हा शब्द सामान्यतः आपल्याच उपवाक्यातील कर्त्याकडे बोट दाखवितो. हा ‘आपण’ उपवाक्याबाहेरच्या बोलणाऱ्याकडे पोहोचतो. काशी वाली आणि के. व्ही. सुब्बाराव यांनी मराठी व तेलुगू सर्वनामांचा जो अभ्यास १९९१ साली मांडला, त्याने अशा सर्वनामांचे सैद्धांतिक महत्त्व भाषाविज्ञानात अधोरेखित केले. मराठीतही ही तीन अंगे एकमेकांशी जुळलेली आहेतच. मात्र त्यांची जुळणी बोलणाऱ्याभोवती होते, सांगणाऱ्याभोवती नव्हे.

या पार्श्वभूमीवर राणीच्या बोलण्याच्या दोन नोंदी पाहता येतात. पहिली जॉन लँग याची. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या या वकील-लेखकाला राणीने झाशी खालसा झाल्यानंतर १८५४ साली सल्ल्यासाठी बोलावले. पडद्याआडून झालेल्या त्या भेटीचा वृत्तांत त्याच्या १८५९ च्या ‘वाँडरिंग्ज इन इंडिया’ या पुस्तकात आहे. झाशी न देण्याविषयीचे राणीचे प्रसिद्ध वाक्य त्याने तेथे रोमन लिपीत, पण हिंदीतच दिले आणि सोबत इंग्रजी अर्थ दिला. त्याच्या नोंदीत ‘मेरा’ हे एकवचनी सर्वनाम आहे आणि ‘देंगी’ हे अनेकवचनी क्रियापद. लोकस्मृतीने ‘मेरी’ आणि ‘दूँगी’ करून व्याकरण सरळ केले. लँगच्या कानाने चूक केली, की राजघराण्यातील आदरार्थी बहुवचन त्याच्या लेखणीतून अर्धवट उतरले, हे त्या वाक्यावरून ठरविता येत नाही. पण क्रियापदातला स्त्रीचा आवाज तरी त्यात टिकला. इंग्रजी अर्थातील ‘आय’मध्ये तोही उरत नाही : ना स्त्रीत्व, ना बहुवचन.

दुसरी नोंद विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाले, झाशीच्या वेढ्यात सापडले, आणि सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी आपला वृत्तांत लिहिला. चिंतामण विनायक वैद्य यांनी तो संस्कारित रूपात १९०७ साली प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली. म्हणजे राणीचे बोलणे आधी गोडसे यांच्या स्मृतीतून आणि मग संपादकाच्या लेखणीतून गेलेले आहे. झाशी सुटल्यानंतर विहिरीवर राणीची आणि लेखकाची पुन्हा गाठ पडते. तहानलेली राणी विद्वान ब्राह्मणाला आपल्यासाठी पाणी काढू देत नाही, स्वतःच काढते आणि आपल्या वैधव्याविषयी व पत्करलेल्या कार्याविषयी बोलते. हा प्रसंग मराठी वाचकाच्या मनात घर करून आहे, तो त्या बोलण्यातील उत्तम पुरुषामुळे.

हा वृत्तांत इंग्रजीत एकाहून अधिक वेळा गेला आहे : मृणाल पांडे यांचे भाषांतर २०११ साली, प्रिया आडारकर व शांता गोखले यांचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. भाषांतरांची तुलना येथे अभिप्रेत नाही. इंग्रजी वाक्य कोणत्याही भाषांतरकारापुढे जे पर्याय ठेवते, ते मात्र तपासले पाहिजेत. राणीचे शब्द अवतरणचिन्हांत घातले, तर ‘आय’ राहतो. पण अवतरणचिन्हे शब्दशः नोंदीचा दावा करतात, आणि पंचवीस वर्षांनंतरच्या आठवणीला तो दावा पेलत नाही. ‘दॅट’ची रचना घेतली, तर मध्यस्थाची प्रामाणिक कबुली मिळते, पण राणी ‘शी’ होते आणि तिचा वर्तमान भूतकाळात जातो. तिसरा मार्ग मुक्त अप्रत्यक्ष कथनाचा. परंतु त्यात ‘ती म्हणाली’ हा साक्षीचा आधारच गळतो आणि वृत्तांत कादंबरीकडे झुकतो. ‘ती म्हणाली की मी’ ही मराठी रचना या सर्वांच्या मध्ये उभी आहे. शब्द नेमके हेच होते असे ती म्हणत नाही. परंतु बोलण्याची जागा राणीकडून काढूनही घेत नाही. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. म्हणजे अवतरणचिन्हांचा काटेकोर संकेत एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी मुद्रणाच्या संपर्कातून आला. त्याआधीचे मराठी गद्य ‘जे’, ‘की’, ‘म्हणून’ यांच्या बळावरच दुसऱ्याचा आवाज सांभाळीत होते.

उलट दिशेची हानीही कमी नाही. भाषांतर पाठमालांवर पोसलेल्या आणि वृत्तपत्रीय मराठीत इंग्रजी काळसंगती शिरते. ‘तिने सांगितले की किल्ल्यात दाणागोटा आहे’ म्हणजे सांगण्याच्या वेळी तो होता. ‘होता’ म्हटले, की मराठी वाचक तो त्याआधी होता आणि आता संपला असे समजू शकतो. वेढा पडलेल्या किल्ल्यात हा फरक जगण्यामरण्याचा आहे. इतिहासाच्या भाषांतरात तो केवळ एका क्रियापदाचा ठरतो आणि नजरेतून सुटतो.

तौलनिक अभ्यासात भाषांतराची चर्चा बहुधा शब्दांच्या आणि सांस्कृतिक संदर्भांच्या पातळीवर थांबते. राणीच्या बोलण्याचे उदाहरण दाखविते, की बोलण्याची मालकी बदलण्यासाठी एकही शब्द चुकावा लागत नाही. अव्यय, सर्वनाम आणि क्रियापद यांची जुळणी बदलली की पुरते. म्हणून मराठी साक्षीचे इंग्रजी रूप वाचताना ‘शी’च्या मागे मुळात कोणता पुरुष आणि कोणता काळ होता, हे मूळ संहितेत जाऊन पाहिले पाहिजे. राणीने पडद्याआडून किंवा विहिरीच्या काठावरून जे सांगितले, ते तिने स्वतःविषयी सांगितले होते. ‘की’ने ते तिच्याकडेच ठेवले, ‘दॅट’च्या पलीकडे ते तिच्याविषयीचे सांगणे होते.