यादीतली मोकळी जागा

मी संकल्प सोडला होता : वर्षभरात साहित्य अकादमी मिळालेल्या बारा मराठी कादंबऱ्या वाचायच्या. ‘ययाति’, ‘स्वामी’ भराभर झाल्या. मग धरणग्रस्तांची ‘झाडाझडती’ हाती आली आणि वेग मोडला. उठवलेल्या गावाचं दुःख महिन्याच्या हिशेबात कसं बसवायचं? आपण वाचत नव्हतो, नुसत्या खुणा करत होतो, हे तेव्हा उमगलं. आणखी एक बघा. १९६३ची ‘कोसला’ या यादीत नाहीच. नेमाड्यांना अकादमी मिळाली ती १९९० साली, ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथाला. म्हणजे यादीवरच विसंबलो, तर मराठी कादंबरीचं एक मोठं वळण हुकणार. संकल्प जरूर करा. पण बारांतली एक जागा पुरस्कार न मिळालेल्या कादंबरीसाठी मोकळी ठेवा.