समासातील शब्द : टॅब्लेटवरील टिपण आणि ग्रामसभेची संहिता

टॅब्लेटच्या काचेवर दस्तऐवज वाचणे, त्यात फेरफार करणे आणि त्यावर टिपण लिहिणे या तीन क्रिया व्यवहारात एकच समजल्या जातात. संहितेच्या दृष्टीने त्या भिन्न होत. आणि हा भेद चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात जितका अर्थपूर्ण ठरतो तितका नागरी कचेरीत क्वचितच ठरत असेल.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, तो 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये. या कायद्याखालील 2008 च्या नियमांपैकी तेराव्या नियमाने दावेदारांखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी उतरविलेले कथन पुरावा मानले आहे. या भागात ते कथन पुष्कळदा गोंडीत किंवा माडियात होते. कागदावर मात्र मराठी येते. वृद्ध ‘पेनठाना’ म्हणतो, लेखनिक ‘मंदिर’ लिहितो. पवित्र वृक्ष व देवराया यांनाही तोच नियम पुरावा म्हणून स्वीकारतो. परंतु ‘मंदिर’ वाचून पडताळणीस आलेला अधिकारी इमारत शोधू लागेल आणि समोरच्या वृक्षाकडे पाहणारही नाही. येथे भाषांतराची चूक ही हक्काची हानी होय.

अशा स्थळी टिपण उपकारक ठरते. पीडीएफ स्वरूपात टिपण मूळ मजकुरात मिसळत नाही. पृष्ठावर स्वतंत्र स्तर म्हणून ते राहते आणि कर्त्याचे नाव व वेळ यांची नोंद बाळगू शकते. लेखणीने समासात वृद्धाचा शब्द जसाच्या तसा लिहिता येतो. कळफलक अपरिचित शब्दाऐवजी परिचित मराठी शब्द सुचवितो. लेखणीला तो मोह नाही. (हस्तलिखित टिपण पुढे शोधण्यास कठीण, हा तिचा दोष मान्य करावा लागेल.)

फेरफाराचे तसे नाही. बदलांचा माग ठेवण्याची सोय बंद असता मूळ फाइलच सुधारली, तर कोणता शब्द कोणी पुसला हे कळण्यास मार्ग उरत नाही. टिपणे पृष्ठात कायमची मिसळून टाकण्याची सोयही अशीच घातक : अक्षर राहते, कर्ता व वेळ जातात. जुने लेखनिक चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फाशीत, पण तो हरताळ पोथीत डोळ्यांना दिसे. भांडारकर संस्थेने 1966 मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाकारलेले पाठही तळाशी जपले, ते उगाच नव्हे.

कथनाची मूळ प्रत, शक्य तर ध्वनिमुद्रणासह, अस्पर्श ठेवून टिपणे दुसऱ्या प्रतीवर करावीत. आणि ग्रामसभेत दस्तऐवज वाचून दाखविताना मजकुराबरोबर समासही वाचावा.