कुसुमाग्रज, गोविंदाग्रज आणि मर्जचं बटण

गेल्या वर्षी एका जुन्या ग्रंथालयाची मराठी पुस्तकांची यादी माझ्या हातात आली. त्यातले लेखक मला विकिडेटाशी जोडायचे होते. विकिडेटा म्हणजे २०१२ साली सुरू झालेला, कुणालाही भर घालता येईल असा नॉलेज ग्राफ. त्यात प्रत्येक माणसाला, गावाला, पुस्तकाला एक क्यू-क्रमांक असतो आणि त्या क्रमांकांमधली नाती नोंदवलेली असतात. नियम साधा आहे : एका माणसाची एकच नोंद. चुकून दोन झाल्या, तर त्या मर्ज करायच्या. हे निव्वळ झाडलोटीचं काम आहे असं मला तेव्हा वाटायचं.

यादी मी ओपनरिफाइन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकली. सारखी नावं शोधण्याची त्याची एक पद्धत अशी : विरामचिन्हं काढायची, शब्द वर्णक्रमाने लावायचे आणि उरेल ते ताडून पाहायचं. त्यामुळे ‘शिरवाडकर, वि. वा.’ आणि ‘वि. वा. शिरवाडकर’ लगेच एकत्र येतात. पण ‘वि.वा. शिरवाडकर’ असं जागा न सोडता लिहिलं, की ‘विवा’ हा एकच शब्द होतो आणि जुळणी चुकते. मग दुसरी पद्धत वापरायची : एका नावाचं दुसरं नाव करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजायचं. त्याने हेही सापडतं.

पण ‘कुसुमाग्रज’ कोणत्याच पद्धतीने सापडत नाही. अक्षरं मोजणाऱ्याला कुसुमाग्रज हे शिरवाडकरांपेक्षा गोविंदाग्रजांच्या जास्त जवळचे वाटतात. ‘विशाखा’चा कवी आणि ‘नटसम्राट’चा नाटककार एकच, हे अक्षरांत कुठेच लिहिलेलं नाही. ते माहीत असावं लागतं. उलट ‘नामदेव’ आणि ‘नामदेव’ शंभर टक्के जुळतात. पण सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामाचे अभंग संत नामदेवांच्या गाथेत मिसळले गेले आणि ते वेगळे काढताना अभ्यासकांच्या नाकी नऊ आले. म्हणजे मर्जची चूक आपण कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी करून बसलो होतो.

माझी चूक मात्र ताजी आहे. यादीत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन लेखक होते. एकाची आख्यानं, दुसऱ्याचं शेतीवरचं पुस्तक. मी म्हटलं, असेल हौशी माणूस, आणि बटण दाबलं. धाकट्या क्रमांकाची सगळी माहिती थोरल्यात गेली आणि धाकटा क्रमांक थोरल्याकडे बोट दाखवणारी नुसती पाटी होऊन राहिला. काही महिन्यांनी शेतीचं पुस्तक प्रत्यक्ष हातात आलं. प्रस्तावनेखालची तारीख आख्यानकाराच्या मृत्यूनंतरची होती.

लगेच लक्षात आलं असतं, तर मर्ज उलटवणं सोपं होतं. पण मधल्या काळात त्या नोंदीत नवी माहिती पडते आणि इतर नोंदींमधले दुवे बॉट थोरल्या क्रमांकाकडे वळवतात. मग कुठली ओळ कुणाची हे एकेक करून निवडत बसावं लागतं. शिरवाडकरांच्या बाबतीत असं झालं असतं, तर तासाभरात कुणीतरी ओरडलं असतं. या शेतकी लेखकासाठी ओरडणारं कुणी नव्हतं. त्याच्या नावावर एकच पुस्तक होतं आणि माझ्या एका क्लिकने तो लेखक म्हणून उरलाच नव्हता.

माझी तक्रार सॉफ्टवेअरबद्दल नाही. ते फक्त जोड्या सुचवतं. तक्रार आपल्या सवयीबद्दल आहे : नोंदी कमी झाल्या की काम झालं असं आपण मानतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या टोपणनावाने ज्ञानेश्वर दोन होते असं मांडलं. ज्ञानेश्वरीत विठ्ठल नाही आणि अभंगांत तर तोच आहे, हा त्यांचा एक मुद्दा. बहुतेकांना ते पटलं नाही, पण वाद पुराव्यांनिशी झाला. आपण मात्र तोच निवाडा दोन सेकंदांत करतो आणि कारणही लिहीत नाही.

आणि मर्ज बरोबर असला तरी काम संपत नाही. राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावाने लिहीत, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून. माणूस एक, म्हणून नोंद एक, हे ठीकच. पण कुठलं पुस्तक कुठल्या नावाने आलं हे पुसलं, तर त्यांनी स्वतः केलेली वाटणी आपण मोडतो. विकिडेटात लेखकाच्या ओळीला ‘या नावाने नमूद’ अशी जोड देता येते. ती फार थोडे लोक देतात. ती द्यायला पुस्तकाचं मुखपृष्ठ बघावं लागतं.

शेतकी लेखकाची नोंद मी पुन्हा वेगळी केली. दोन्ही नोंदींवर ‘याहून वेगळा’ हे विधान घातलं आणि पुरावा म्हणून प्रस्तावनेची तारीख दिली. पुढच्या माणसाला ही जोडी सॉफ्टवेअर पुन्हा सुचवेलच. निदान बटण दाबण्याआधी त्याला ती तारीख दिसेल.