छत्रीउडीचें ऋण : एका प्रचलित विधानाची छाननी

अरण्यांतील वणव्यावर विमानांतून छत्रीनें उतरणाऱ्या अमेरिकन लोकांविषयीं जें लेखन झालें आहे, त्यांत एक विधान वारंवार आढळतें. सैन्याच्या छत्रीदळानें आपलें शिक्षण जंगलखात्यापासून घेतलें, असें तें विधान. एका ग्रंथांतून दुसऱ्यांत उतरतां उतरतां, बखरींतील वाक्यांप्रमाणेंच, त्याचें बळ वाढत गेलें आहे. म्हणून त्याची छाननी करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

विधान निराधार नाहीं. १९४० च्या जूनमध्यें मेजर विल्यम ली यांनीं मोंटाना प्रांतांतील जंगलखात्याचा शिक्षणतळ पाहिला. १२ जुलै रोजीं रूफस रॉबिन्सन व अर्ल कूली हे आयडाहोंतील नेझ पर्स अरण्यांत आगीवर प्रथम उतरले, आणि १६ ऑगस्टला फोर्ट बेनिंग येथील सैन्याच्या प्रायोगिक तुकडीनें पहिली उडी घेतली. हा क्रम पाहून लेखक मोहून जातात. परंतु क्रम हा कार्यकारणाचा पुरावा नव्हे. रशियन सैन्याचे बारा शिपाई व्होरोनेझजवळ २ ऑगस्ट १९३० रोजींच उतरले होते. जर्मनांची स्टेंडाल येथील शाळा १९३६ ची. आणि १९४० च्या मे महिन्यांत हॉलंडांत जें घडलें तें सर्व सेनापतींनीं पाहिलें होतें. बेनिंगच्या तुकडीनें मनोऱ्यांवरील सराव केला तोहि न्यू जर्सींतील हाइट्सटाउन येथें, जंगलखात्याकडे नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट साधनांची. सैन्याची छत्री विमानास बांधलेल्या दोरीनें आपोआप उघडे. जंगलखात्याचे आरंभींचे उडीवाले स्वतः हातानें कडी ओढीत. आपोआप उघडण्याची रीत त्या खात्यानें मागाहून घेतली. म्हणजे या एका बाबींत तरी ऋण उलट दिशेचें दिसतें.

जंगलखात्याचा अभिमान ज्यांना आहे त्यांनीं त्याच खात्याचें दप्तर पुरतें वाचलेलें दिसत नाहीं. मोंटानाकडील विभागाचे मुख्य अधिकारी इव्हॅन केली यांनीं १९३५ च्या एका पत्रांत छत्रीनें उडी मारणाऱ्यांच्या शहाणपणाविषयींच शंका घेऊन ही कल्पना झटकून टाकली होती. पांच वर्षांनीं रॉबिन्सन व कूली उतरले ते याच केलींच्या कारकीर्दींत! असें पत्र हातीं असतां तें बाजूस ठेवून गौरवगाथा लिहिणें, हें संशोधन म्हणतां येणार नाहीं.

सैन्यावर जंगलखात्याचें जें खरें व निःसंशय ऋण आहे, त्याचा मात्र या लेखनांत ओझरता उल्लेख येतो. १९४५ सालीं ५५५ वी छत्रीधारी पलटण, जींतील सर्व शिपाई व अधिकारी कृष्णवर्णीय होते, ऑरेगन प्रांतांत पेंडलटन येथें आली. युरोपांत लढण्याची आशा धरलेल्या या लोकांस जपानी फुग्यांतील स्फोटकें व वणवे यांच्या कामास लावण्यांत आलें. झाडांवर उतरणें, तेथून दोरानें खालीं येणें आणि आग विझविणें हें त्यांना जंगलखात्याच्या माणसांनीं शिकविलें. त्यांनीं बाराशेंहून अधिक उड्या घेतल्या. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं माल्विन ब्राउन नांवाचा त्यांच्यांतील शिपाई झाडावरून खालीं येतांना पडून मरण पावला. पुढील आवृत्तींत तरी लींच्या भेटीशेजारीं हें नांव छापलें जावें.